राखीव जागेचा हिशेब

एकाच यंत्रावर वीस-तीस सर्व्हर नांदू लागले की त्या यंत्राचा बिघाड वीस-तीस जागी जाणवतो. म्हणून अशा यंत्रांचा, म्हणजे होस्टचा, क्लस्टर करतात. व्हीएमवेअरच्या 'एचए'मध्ये (हाय अव्हेलेबिलिटी) एक होस्ट पडला, तर त्यावरच्या व्हर्च्युअल मशीन दुसरीकडे नव्याने सुरू होतात. नव्याने, म्हणजे मधला काही वेळ सेवा बंदच असते. अखंड सेवेचं आश्वासन देणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही. ९९.९९ टक्के उपलब्धता म्हटली की वर्षाकाठी जेमतेम ५२ मिनिटांची मुभा उरते.

पडलेल्या होस्टचं ओझं उचलायला उरलेल्यांत जागा हवी. सारख्या क्षमतेचे तीन होस्ट असतील तर कुणाचीच मेमरी दोन-तृतीयांशाच्या वर भरू देऊ नये. यावर पहारा ठेवतो तो ॲडमिशन कंट्रोल. नवी मशीन सुरू होईना म्हणून घाईत तो बंद केला जातो, आणि पुन्हा चालू करायचं राहून जातं.

मशीन संथ झाली की तिला आणखी सीपीयू द्यायचा मोह होतो. आधी होस्टवर 'ईएसएक्सटॉप' उघडून 'रेडी'चा आकडा पाहावा. तो चढलेला असेल तर मशीन सीपीयूसाठी रांगेत ताटकळते आहे. आणखी सीपीयू दिल्याने रांग वाढण्याचीच शक्यता अधिक.

सगळ्यांत दगाबाज असते ती डिस्कची जागा. थिन प्रोव्हिजनिंग म्हणजे दोनशे पानांचा स्वयंपाक करून तीनशे जणांना आमंत्रण. सगळे एकदम येणार नाहीत या भरवशावर चालतं. त्यात अपडेटआधी घेतलेला स्नॅपशॉट विसरला जातो. त्यानंतरचं सगळं लेखन वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये साठत राहतं, आणि एके रात्री डेटास्टोअर भरून मशीन जागच्या जागी थबकतात. अशा वेळी रीसेट मारण्यात अर्थ नसतो; आधी जागा करावी लागते. बिनमहत्त्वाची एखादी मशीन बंद केली की तिची स्वॅप फाइल जाते आणि तेवढे जीबी लगेच मोकळे होतात. मग स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये विलीन करावा. मोठा असेल तर त्याला तास लागतात. हे विलीनीकरण मध्येच तोडू नये.

'बॅकअप म्हणून' ठेवलेला स्नॅपशॉट तर मूळ डिस्क गेल्यावर निरुपयोगी असतो. तो ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं व्हीएमवेअर स्वतःच सांगते.