नळदुर्गची घराणी आणि नावे नसलेली जनगणना

इंग्लंड किंवा अमेरिकेतील एखाद्या कुटुंबाला पणजोबांचा शोध घ्यायचा असेल, तर संगणकावर आडनाव टाकून जनगणनेची मूळ पाने पाहता येतात, कारण इंग्लंडमध्ये शंभर आणि अमेरिकेत बहात्तर वर्षे उलटल्यावर ही पाने खुली करण्याची रीत आहे. त्याप्रमाणे २०२२ मध्ये इंग्लंड-वेल्सची १९२१ ची आणि अमेरिकेची १९५० ची जनगणना नावनिशीवार लोकांसमोर आली. तुळजापूर तालुक्यातील नळदुर्गच्या घराण्यांना ही वाट मोकळी नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली असली, तरी प्रगणकाने, म्हणजे घरोघर फिरून माहिती लिहून घेणाऱ्या माणसाने, भरलेली पत्रके कोष्टके तयार झाली की निकालात काढली जात. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाने अशा नोंदी पाहण्यास व न्यायालयात पुरावा म्हणून मांडण्यास मनाई केली. लोकांनी न भिता खरे सांगावे हा त्यामागचा हेतू रास्तच म्हणावा लागेल, परंतु वंशावळ शोधणाऱ्याच्या हाती त्यामुळे नळदुर्गची केवळ बेरीज येते, नळदुर्गकर येत नाही.

जनगणनेचे जुने अहवाल मात्र महानिबंधक कार्यालयाच्या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य वाचता येतात, आणि हौशी मंडळी ते कोरडे समजून बाजूला सारतात, हे योग्य नाही. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख होती, ती १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. या दशकात इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली होती. एखाद्या वंशावळीत दोन-तीन शाखा नेमक्या याच दहा वर्षांत खुंटलेल्या दिसल्या, तर दत्तकविधानाचे किंवा भाऊबंदकीचे तर्क लढवण्याआधी या आकड्यांकडे पाहिलेले बरे. अहवाल चाळताना जिल्ह्याच्या नावाचे भान ठेवावे लागते. १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, कर्नल मेडोज टेलर याने नळदुर्ग किल्ल्यात राहून त्याचा कारभार पाहिला आणि १८६० मध्ये तो मुलूख निजामाकडे परत गेला. त्यानंतर कित्येक वर्षे जिल्ह्याचे नावच नळदुर्ग होते आणि इंग्रजी अहवालांत ते ‘नलद्रुग’ असे छापले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी तो उस्मानाबाद झाला, गुलबर्गा सुभ्यात राहिला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि २०२३ मध्ये धाराशिव झाला. ज्याला केवळ आजचे नाव ठाऊक आहे, त्याला जुन्या सूचीत आपला जिल्हा सापडणार नाही.

माणसांची नावे जपली ती महसुलाने, कारण सरकारला माणूस मोजायचा होता दहा वर्षांतून एकदाच, सारा मात्र दरवर्षी वसूल करायचा होता. मराठवाड्यात मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतील जी दप्तरे बाहेर आली, त्यांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या आणि जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४ यांचा समावेश होता, आणि तपासलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. हा उद्योग आरक्षणाच्या प्रश्नातून निघाला असला, तरी मराठवाड्यातील कौटुंबिक इतिहासासाठी इतके मोठे दप्तर एका झपाट्यात क्वचितच उघडले गेले असेल. मात्र या प्रतिमांत आडनाव टाकून शोधता येत नाही. पाने मोडीत किंवा उर्दूत असतात, त्यांची प्रत नेहमीच धड नसते आणि आडनावाऐवजी बहुधा ‘अमुक वल्द तमुक’ म्हणजे तमक्याचा मुलगा अमका एवढेच लिहिलेले असते. एकाच गावात एकाच नावाचे आणि एकाच बापाच्या नावाचे दोन इसम निघाले, तर जमिनीचा सर्व्हे नंबर हाच त्यांना वेगळे करणारा एकमेव आधार उरतो. म्हणून आधी शेत ओळखावे आणि मग माणूस, हा क्रम अनुभवी शोधक सोडत नाहीत.

तारखांचा घोळही बराच असतो. निजामी कागदांवर फसली सन, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेले महसुली वर्ष, घातलेले असते. ते ऑक्टोबरमध्ये सुरू होई, आणि आजूर, दय, बहमन अशी त्याच्या महिन्यांची इराणी नावे होती. फसली सनात ५९० मिळवले की वर्षारंभाचे इसवी सन निघते, पण नव्या इसवी वर्षात पडणाऱ्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. फसली १३४० मधील बहमनची नोंद डिसेंबरची, तर तीरची नोंद पुढच्या मे महिन्यातील; दोन्हींना सरसकट १९३० लिहिले की मुलाचा जन्म बापाच्या लग्नाआधी पडल्यासारखे प्रसंग उद्भवतात.

ज्यांच्याकडे वतन किंवा इनाम होते, त्यांच्यासाठी मुंतखब हा कागद मोलाचा ठरतो. इनामाची चौकशी करून ते कायम केल्याचा हा अधिकृत उतारा असून, धारक मेल्यावर वारसाची मंजुरी घेताना कुटुंबाला आपली वंशावळ दाखल करावी लागे. अतियात म्हणजे सरकारी देणग्यांच्या जमिनी पाहणाऱ्या खात्यापुढे चाललेल्या अशा प्रकरणांत भावाभावांचे तंटे जितके चिवट, तितकी वंशावळ भरघोस, हे विनोदाने म्हटले तरी खरे आहे. मात्र या सगळ्या दप्तरात ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नव्हती तो मजूर, कारागीर किंवा महारवाड्यातील बिनवतनी माणूस जवळजवळ दिसत नाही, आणि बाई दिसते ती बहुधा विधवा झाल्यावर किंवा अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून.

ही उणीव काही अंशी भरून काढणारा एकच कागद आहे, आणि तो थेट जनगणनेतूनच जन्मलेला आहे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी प्रगणकांच्या पत्रकांवरून ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर’ गावोगाव उतरवून घेतले गेले. त्यात घरांच्या अनुक्रमाने प्रत्येक घरातील माणसांची नावे, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय आणि उपजीविका लिहिलेली असते. म्हणजे सातबाऱ्यावर कधीच न आलेली सून, आश्रित आत्या आणि पाळण्यातले मूल इथे एका घराखाली सापडतात. शिंदे समितीच्या कामात ग्राह्य धरलेल्या कागदांच्या यादीत या रजिस्टरचे नाव आहे, तरीही वंशावळीच्या शोधात ते फारसे कोणी मागत नाही.

नळदुर्गच्या बाबतीत या रजिस्टरचे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीवरील अनेक कुटुंबे मुंबई इलाख्यातील सोलापूर-बार्शीकडे गेली, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारने संस्थानावर केलेल्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान कुटुंबांवर जे अत्याचार झाले त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ बसल्याचे त्यांच्या चौकशीसाठी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवले. त्यामुळे १९५१ च्या पानावर एखाद्या घरात केवळ बायका आणि लहान मुले लिहिलेली आढळली, किंवा खासरा पत्रकातील खातेदाराचे घर गावात दिसलेच नाही, तर ती लिहिणाऱ्याची चूक समजू नये. अशा घराचा पुढचा माग नळदुर्गात न काढता सोलापूरच्या शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्यांत किंवा हैदराबादेत स्थिरावलेल्या नातलगांकडे काढावा लागतो.