गारंबीची बी

आई गेल्यानंतर तिची फणीकरंड्याची पेटी उघडली, तेव्हा तळाशी एक वस्तू निघाली. दोन बोटे रुंद, चपटी, गोल, काळसर तपकिरी आणि एका अंगाने झिजलेली. "बाबा, हे कसलं बटण?" धाकटीने विचारले. "लाकडाचं काहीतरी असेल," सौभाग्यवती म्हणाल्या. लहानपणी माझा गाल सुजला, की आई हीच सहाणेवर उगाळून लावीत असे, एवढे मला आठवत होते. पण ही बी कशाची, हे मी तिला कधी विचारले नव्हते. आणि आता सांगणारे माणूसच उरले नव्हते.

आईचे माहेर मुरुडकडचे. म्हणून गेल्या माघात दोन दिवसांची रजा टाकली आणि बी खिशात घालून फणसाडचे रान गाठले. हे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान. १९८६ पासून अभयारण्य आहे. सुपेगावला एक म्हातारे वाटाडे भेटले आणि आम्ही दोघे आत शिरलो.

वेल ओळखायची ती पानाफुलांवरून, ही माझी पुस्तकी समजूत. पण रानवेलींची पाने आणि फुले उन्हाच्या ओढीने पार झाडांच्या शेंड्यावर गेलेली. खाली माणसाच्या वाट्याला येते ते नुसते दोरखंडासारखे खोड, आणि नवख्याला सगळी खोडे सारखीच! मी आपला टोपी सांभाळीत वर पाहतो आहे, तोच म्हातारबुवा म्हणाले, "मास्तर, मान कशाला मोडून घेता? खाली बघा. पडलेल्या शेंगेवरनं वेल ओळखायची."

मग मी खाली पाहू लागलो. एका झुडपावर चढलेल्या नाजूक वेलीच्या शेंगा उकलून पिळवटल्या होत्या आणि आत लालभडक दाणे बसले होते. ही गुंज. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हा हिशेब मी वर्गात कितीदा सांगितला असेल. पण दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो, त्याच बाजूला त्याचा काळा डोळा असतो, हे त्या दिवशी प्रथम पाहिले. संपूर्ण लाल, बिनडोळ्याचा दाणा असतो तो रतनगुंजेचा, आणि ती वेल नव्हे, झाड. हा फरक पोराबाळांच्या घरात ठाऊक हवा, कारण गुंजेचा दाणा चावला गेला तर जहाल विष आहे.

पुढे बाकदार शेंगांचे घोस लोंबत होते. त्यांवर सोनेरी मखमल पाहून मी हात पुढे केला, तो म्हातारबुवांनी मनगटच धरले. "खाजकुइली!" त्या मखमलीचा एकेक केस अंगात रुतून आग करतो. नंतर काट्यांनी भरलेली एक शेंग दिसली. ती फुटून आतून राखी रंगाचे दोन टणक गोटे डोकावत होते. ते बहिणीचे सागरगोटे! ते एका काटेरी वेलीला लागतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

आणि मग एका ओढ्याकाठी मांडीएवढे जाड, पीळ घातलेले खोड आडवे आले. त्याखाली जवळजवळ माझ्या छातीपर्यंत येईल एवढी लांब लाकडी शेंग पडलेली. तिचे एकेक बीचे चौकोनी तुकडे सुटून गेले होते आणि कडेची चौकट तेवढी शाबूत होती. शेजारच्या एका तुकड्यात बी होती. मी खिशातली काढून तिच्याजवळ धरली. तोच आकार, तोच रंग. म्हातारबुवांनी झिजलेली कड अंगठ्याने चाचपली. "गारंबी. उगाळलेली दिसते."

मी खालीच बसलो. 'गारंबीचा बापू' ही श्री. ना. पेंडशांची १९५२ सालची कादंबरी मी वर्षानुवर्षे शिकवली. गारंबी हे त्यातले गाव, एवढेच मी मुलांना सांगत आलो. त्या नावाची वेल आहे आणि तिची बी आपल्याच घरात आहे, याचा मला पत्ता नव्हता!

परतल्यावर वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारले. शास्त्रीय नाव एन्टाडा ऱ्हीडी, म्हणाला. मलबारचा डच कारभारी व्हान ऱ्हीड, ज्याने 'हॉर्टस मलबारिकस'चे बारा खंड सिद्ध केले आणि जे १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाले, त्याचे हे नाव. बीच्या दोन डाळींमध्ये पोकळी असते, म्हणून ती तरंगते. ओढ्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात जाते आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही सापडते. कवच इतके टणक, की कानशीने घासून भिजत घातल्यावाचून लवकर रुजत नाही.

"मग आजीची रुजवू या का?" धाकटीने विचारले. आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाची गॅलरी तिला दाखवली, तेव्हा तिचे तिलाच हसू आले. अभयारण्यातून मी काहीच आणले नव्हते. आईची बी मात्र पुन्हा पेटीत गेली. धाकटीने तिच्याखाली एक चिठ्ठी ठेवली आहे : 'गारंबी. आजीच्या माहेरची.' पुढे कुणी पेटी उघडील, त्याला माझ्यासारखे विचारायचे राहून जायला नको.