पहिले पन्नास तास

आमच्या घराला गावात अजून नालबंदांचे घर म्हणतात. माझ्या सासऱ्यांचे वडील तासगाव तालुक्यातल्या बाजारांमध्ये बैलांना पत्री मारत. अब्बा, म्हणजे माझे सासरे, लहानपणी त्यांच्या हातात खिळे देत. पुढे थोडी जमीन झाली, बोअर लागले, पावणेदोन एकर द्राक्षबाग उभी राहिली. गावातले बैल कमी होत गेले आणि त्यांच्याबरोबर आमचा पिढीजात धंदाही गेला. नाव तेवढे राहिले. अशा या घरात २०२२च्या ऑक्टोबरात जपानहून तयार होऊन आलेला २४ हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर आला.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. ट्रॅक्टरची सुरुवातीची रक्कम शिक्षकांच्या पतसंस्थेतून माझ्या पगारावर काढलेल्या कर्जाची होती. सातबारा अब्बांचा, म्हणून ट्रॅक्टरची कागदपत्रेही त्यांच्याच नावावर. हप्ता मात्र माझ्या पगारातून कापला जातो. याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या वस्तूपायी दर महिन्याला पगाराचा आकडा कमी दिसतो, ती वस्तू आपण वाकून, हात लावून नीट बघावी, एवढा हक्क तर माणसाला वाटतोच.

एवढा लहान ट्रॅक्टर कशाला, असे पुष्कळांनी विचारले. द्राक्षाच्या दोन ओळींत साधारण नऊ फुटांचे अंतर असते, पण वरून मांडवाचे हात दोन्हीकडून आत येतात, त्यांवरून कोवळ्या काड्या लोंबतात. मोठा ट्रॅक्टर आत शिरला की काड्या मोडतात. हा जेमतेम साडेतीन फूट रुंद. लहान यंत्रे बनवण्यात जपानी माणसांचा हात बसलेला आहे, कारण त्यांची शेतेही लहान. ओसाकामध्ये १८९० साली एकोणीस वर्षांच्या गोन्शिरो कुबोताने ओतकामाचा छोटा कारखाना काढला होता, आणि १९३३ साली यानमारच्या मागोकिची यामाओका यांनी लहान डिझेल इंजिन वापरण्याजोगे करून दाखवले. आपल्या देशात २०१५-१६च्या कृषिगणनेप्रमाणे एका खातेदाराकडे सरासरी १.०८ हेक्टर जमीन आहे. तेव्हा छोटे यंत्र ही चैन नाही, आपल्या बांधाचे माप आहे.

ट्रॅक्टर टेम्पोतून उतरला तेव्हा अर्धे गाव गोळा झाले. हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. सासूबाई म्हणाल्या, "बिस्मिल्ला करके चालू करो." विक्रेत्याच्या मुलाने सह्यांचे कागद पुढे केले. माल व्यवस्थित मिळाला, सर्व तपासून घेतले, असे त्यात छापलेले होते. मी म्हटले, आधी तपासू, मग सही करू. तो माझ्या नवऱ्याकडे बघू लागला.

सोबत आलेले पुस्तक इंग्रजीत होते. ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोणी बाहेर काढलेले नव्हते. आदल्या रात्री मी विक्रेत्याकडून त्याची प्रत मागवून दोन वाजेपर्यंत वाचली होती. त्यातल्या क्रमाने आम्ही सुरुवात केली. चेसिस आणि इंजिनावरचे नंबर बिलाशी ताडून पाहिले. ट्रॅक्टर सपाट जागेवर लावून ऑइलची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली, मग पातळी पाहिली. चाकांचे नट पान्याने एकेक करून आवळले. दोन नट किंचित फिरले. समुद्रमार्गे येणाऱ्या यंत्रांच्या टायरांत बऱ्याचदा वाहतुकीसाठी जास्त हवा भरलेली असते, तशी ती होती. ती पुस्तकातल्या आकड्यावर आणली. चारही चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचा हिशेब गिअरमध्ये पक्का बांधलेला असतो. म्हणून टायर बदलताना मनाला येईल तो आकार घालून चालत नाही, आणि डांबरी रस्त्यावर चारचाकी जोड काढून टाकावी लागते.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. क्लच न दाबता किल्ली फिरवून पाहिली. इंजिन चालू झाले नाही. ते चालू न होणे हीच तपासणी होती. रेडिएटरमध्ये घालायला धाकट्या दिराने बोअरच्या पाण्याची कळशी आणली, ती परत पाठवली. आमचे पाणी चहाच्या पातेल्याला आठवड्यात पांढरा थर धरते, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत काय करील? तिथे कूलंट आणि शुद्ध पाणीच हवे.

अब्बा बाजेवर बसून हे सारे बघत होते. मला वाटले, त्यांना सुनेचा हा आगाऊपणा वाटत असेल. ते उठले, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बैल का खुर देखे बगैर हम जुवे को नै लगाते थे." मग स्वतःच सांगू लागले. बाजारातून आणलेला बैल आधी चालवून बघायचा, खांदा चाचपायचा, दात मोजायचे, खुरात खडा अडकला आहे का ते पाहायचे. गाडीच्या कण्याला वंगण घातल्याशिवाय पहाटे कोणी गाडी जुंपत नसे. हे ज्ञान घरात होते, बोलीत होते, कोणाला पुस्तक उघडावे लागत नव्हते. यंत्र आले तेव्हा त्याचे ज्ञान परक्या भाषेत, पिशवीत बंद होऊन आले.

अडचण आली ती शेवटी. ट्रॅक्टरबरोबर फवारणीचा ब्लोअर घेतला होता. ट्रॅक्टरच्या मागे जो फिरता दांडा निघतो, ज्याला सगळे पीटीओ म्हणतात, त्याला शाफ्टने ब्लोअर जोडतात. शाफ्टवर प्लॅस्टिकची एक नळी असते. आत शाफ्ट फिरतो, नळी साखळीने अडकवलेली असल्यामुळे स्थिर राहते. आमच्या शाफ्टवर ती नव्हती. ट्रॅक्टरच्या मागचे लोखंडी झाकणही जोडणी सोपी व्हावी म्हणून काढलेले होते. मी विचारले तेव्हा तो मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, लोकं ते आपणहून काढून टाकतात. काय होत न्हाई."

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो. म्हणजे सेकंदाला नऊ. "काय होत न्हाई" म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात नऊ-दहा वेढे बसतात.

मी चौथीत असताना माझ्या खालाची ओढणी मळणी यंत्राच्या पट्ट्यात गेली होती. ती वाचली, उजवा हात कोपराखाली गेला. आजही ती डाव्या हाताने कणीक मळते, आणि पाहुण्यांसमोर उजवी बाही पदराखाली घेते. तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. पट्ट्यावरचे पत्र्याचे झाकण गोठ्यामागे पडलेले होते, पट्टा वारंवार ताणावा लागतो म्हणून काढून ठेवलेले. ते मी पाहिले होते. त्याच्याबद्दल कोणीच काही बोलले नाही. द्राक्षबागेत काडी बांधायला, विरळणी करायला, घड बुडवायला बायकाच असतात. कोणाचा पदर, कोणाची ओढणी, कोणाची वेणी. शाफ्ट कोणाचे काय ओढायचे ते निवडत नाही.

मी सही केली नाही. घरात त्या रात्री बरीच बोलाचाली झाली. छाटणी होऊन आठ-दहा दिवस झाले होते, बाग पोंग्यात होती आणि पाऊस जायचे नाव घेत नव्हता. अशा दिवसांत डावणी एका रात्रीत पीक खाते. "तुझी नळी येईपर्यंत डावणी थांबणार आहे का?" असे हे म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. वर्षाचे सारे उत्पन्न त्या चार पानांच्या फुटव्यावर अवलंबून होते. मी म्हटले, शेजाऱ्यांचा ब्लोअर भाड्याने घ्या, भाडे मी देते. शेजाऱ्यांच्या शाफ्टवर तरी नळी कुठे आहे, असे त्यांनी विचारले. त्यांच्याही शाफ्टवर नव्हती. मग ठरले की फवारणी होईपर्यंत बागेत बायका जाणार नाहीत, आणि शाफ्ट फिरत असताना कोणीही खाली उतरणार नाही. मनासारखे नव्हे, पण त्या रात्री तेवढेच हातात होते. तिसऱ्या दिवशी नळी आणि झाकण दोन्ही आले. नळी बसवून घेतली, झाकणाचे बोल्ट आवळले, साखळी अडकवली, आणि मग सही केली.

त्यानंतर खरे काम सुरू झाले. नव्या इंजिनाचे पहिले पन्नास तास जपण्याचे असतात. थंड इंजिन एकदम ओढायचे नाही, पूर्ण भार द्यायचा नाही. आतले भाग नवे असतात, एकमेकांवर घासून बसतात. त्याचा बारीक कीस ऑइलमध्ये उतरतो. म्हणून पन्नास तासांनी पहिले ऑइल आणि फिल्टर बदलतात, मागच्या गिअरचा आणि हायड्रॉलिकचा फिल्टरही. पुढच्या बदलाची मुदत लांब असते, त्यामुळे पहिलीच पुष्कळांकडून चुकते.

मी एक दोनशेपानी वही आखली. अवर मीटरचा आकडा, ऑइल, पाणी, एअर क्लीनर, ग्रीस, नट, आणि शेवटचा रकाना शाफ्टच्या नळीचा. शब्द घरात बोलतो तेच ठेवले, मराठी लिपीत, कारण दिराचे शिक्षण मराठी शाळेत झाले आहे. अब्बांना वाचता येत नाही. पण वेग वाढवायच्या दांड्याशेजारी एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला आहे. जगभरच्या ट्रॅक्टरांवर हीच चित्रे असतात. अब्बा दिराला ओरडून सांगतात, "कछुवे पे रख!" त्यासाठी त्यांना कोणतीच भाषा लागली नाही.

पन्नास तास भरले तेव्हा निथळलेले ऑइल मी काचेच्या बाटलीत घेऊन नववीच्या वर्गात नेले. आमच्या उर्दूत घर्षणाला 'रगड़' म्हणतात. बाटली खिडकीच्या उन्हात धरली की काळ्या तेलात बारीक चमचम दिसत होती. मुलींनी आळीपाळीने पाहिली. एकीने विचारले, "मॅडम, नया होकर भी घिसता है?" मी म्हटले, नवे असतानाच जास्त घासते, म्हणून तेव्हाच जास्त लक्ष द्यायचे. तिने ते वहीत लिहून घेतले. मी तर इंजिनाबद्दल बोलत होते. पण वर्गातल्या दोघींची त्या वर्षी लग्नाची बोलणी चालली होती, आणि त्या दोघी बराच वेळ बाटलीकडे बघत राहिल्या.

आज मीटर आठशेच्या पुढे गेला आहे. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. धूळ असली की एअर क्लीनर रोज झटकला जातो, ग्रीस कधी एखादा दिवस मागे पडते. गेल्या हंगामात शाफ्टच्या नळीला तडा गेला. मला ते कोणी सांगितले नव्हते. शाळेतून आल्यावर वही चाळताना शेवटच्या रकान्यात माझ्या नवऱ्याचे अक्षर दिसले: 'नळी फुटली. काम बंद. सांगलीहून नवी आणली. बसवली. मग चालू.'