काकूनं शिवलेल्या खोळी

दिवाळीला सगळी भावंडं सांगोल्याला जमलो की रात्री ओसरीवर अंथरुणं पडतात आणि कोणीतरी हमखास विचारतं, "काकूनं शिवलेल्या खोळी आठवतात का रं?" मग झोप लांबते.

2002 ची गोष्ट. आमच्या शाळेत सहा संगणक आले. माणदेशातली धूळ ती. वावटळ सुटली की डब्यातली भाकरीसुद्धा कचकच लागायची. सरांनी घरी निरोप धाडला आणि काकूनं जुन्या पडद्याच्या सहा खोळी शिवून दिल्या, कडेला लाल गोट लावून. आम्ही सातही जण त्याच शाळेत. संगणकांपेक्षा खोळींचाच अभिमान जास्त!

तास आठवड्यातून एक. चपला दाराबाहेर काढायच्या, हात धुऊन आत जायचं, एका पडद्यासमोर पाच डोकी. माउस आपल्यापर्यंत येईतो घंटा व्हायची, नाहीतर वीज जायची. भारनियमनाचे दिवस होते. यूपीएस टींटीं करू लागला की सर ओरडायचे, "बंद करा, बंद करा!" धाकटीनं पेंटमध्ये काढलेला खिलार बैल असाच एकदा सेव्ह न होता गेला. ती अजून हळहळते. शिंगांचा बाक तिला फार सुरेख साधला होता.

खरं शिकलो ते घरी. आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. 2001 साली एमएससीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली आणि पुढे शिक्षकांनाही संगणक यायलाच हवा असं झालं. पन्नाशीला टेकलेले अण्णा दिवसभर वर्ग घेऊन संध्याकाळी क्लासला जायचे. घरी संगणक नव्हता, म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर पट्टीनं कीबोर्ड आखला. कंदिलाच्या उजेडात आम्ही त्यांची उजळणी घ्यायचो. "अण्णा, एस कुठाय?" बोट चुकलं की ते काही न बोलता पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचे. ज्यांनी आम्हाला तीसपर्यंतचे पाढे घोकायला लावले, ते आमच्यापुढे मांडी घालून शिकत होते. परीक्षा पास झाल्यावर तोच पुठ्ठा त्यांनी आपल्या वर्गात नेला. त्या शाळेत तेव्हा एकही संगणक नव्हता, तरी चौथीची पोरं त्यावर आपापली नावं टाइप करायची.

डिसेंबर 2020 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी ग्लोबल टीचर पुरस्काराचे मानकरी ठरले. पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडायचा, म्हणजे पोरांना तो मोबाइलवर ऐकता-पाहता येतो, हे त्यांचं काम. अण्णांनी ती बातमी दोनदा वाचली आणि कात्रण त्या पुठ्ठ्याच्या पाठीला चिकटवलं. पुठ्ठा अजून घरात आहे.

आम्हा भावंडांचं यावर एकमत आहे: सहा संगणकांनी शिकवलं नाही इतकं त्या पुठ्ठ्यानं शिकवलं, कारण त्याला हात लावू नका असं कोणी म्हणत नव्हतं. ज्यांच्याकडे शाळेतल्या संगणक-खोलीची किल्ली असेल, त्यांना हात जोडून विनंती: खोळी काढा, पोरांचे हात लागू द्या. धूळ काय, पुसता येते.