खडू, फळा आणि स्पॅनिश

आम्ही दोघी शाळेत स्पॅनिश शिकवतो. खेळाच्या तयारीला वेळ नसतो, खडू पुरतो. फळ्यावर दहा शब्द लिहायचे, दोन मुले उभी करायची, अर्थ सांगायचा. नेमक्या शब्दावर आधी हात ठेवील त्याला गुण. चुकलो तर हसतील म्हणून गप्प बसणारी मुलेही खेळाच्या भरात बोलून जातात.

सर्वांत आवडता खेळ ‘ओळखीचा शब्द शोधा’. स्पेनमध्ये ७११ ते १४९२ मुस्लिम राजवटी नांदल्या; अरबी शब्द तिथल्या बोलीत मुरले. ‘असूकार’ म्हणजे आपली शक्कर, ‘असेइतूना’ म्हणजे जैतून. ‘ओखाला’, म्हणजे ‘असे घडो’, यात तर अल्लाहचे नावच दडले आहे. ते कळताच मुलांची भीड चेपते. परकी भाषा पाहुण्यासारखी नव्हे, नातलगासारखी घरात येते.