गच्चीवरची बाग आणि शेजारणीचा हक्क

कुर्ल्यातल्या आमच्या चार मजली इमारतीला अंगण नाही. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई कोकणातल्या. "आपल्या हाताने लावलेली कोथिंबीर खाऊन किती वर्षं झाली," असं त्या सारखं म्हणायच्या. शेवटी आम्ही तिघींनी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडल्या.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यातून भाज्या आणि फळझाडं वाढवल्याचं आम्ही वाचलं होतं. त्यांना वाट दाखवली ती कोल्हापूरच्या दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवारा'ने. आम्हीही तसंच केलं. बादलीत माती थोडीच. खाली वाळका पाला आणि रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, वर भाजीचे देठ आणि साली. वजन कमी, खर्चही कमी. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. ते टबात धरून असरनंतर झाडांना घालू लागलो. पालक, मेथी, मिरच्या आल्या. रमजानमध्ये चटणीला पुदिना घरचाच होता.

माणसाने लावलेल्या रोपाचं कुणी माणसाने किंवा पाखराने खाल्लं, तरी तो सदका ठरतो, ही पैगंबरांची (स.) शिकवण आम्ही एकमेकींना मोठ्या अभिमानाने सांगायचो.

मग पावसाळा आला आणि चौथ्या मजल्यावरच्या खालांच्या छताला ओल आली. त्या विचारायला वर आल्या, तर आम्ही म्हटलं, "खाला, ती भेग जुनीच आहे." त्या काही न बोलता खाली गेल्या. नंतर बादल्या सरकवून पाहिल्या, तर प्रत्येकीखाली पाणी साचलेलं. वर आमचा सदका आणि खाली शेजारणीच्या बिछान्यावर ठिबकणारं पाणी! त्या रात्री आम्हाला एकमेकींकडे बघवेना.

सकाळी जाऊन माफी मागितली. निम्म्या बादल्या काढल्या. उरलेल्या कठड्यालगत विटांवर ठेवल्या, म्हणजे खाली पाणी साचत नाही. गळतीच्या दुरुस्तीचा खर्च आमच्या तीन घरांनी केला. सोसायटीची लेखी परवानगीही घेतली. ती पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती.

शहरातली बाग एकट्या-दुकट्याची नसते. ती कुणाच्या तरी छतावर उभी असते. तिला कौतुकापेक्षा हात हवेत. ओला कचरा वेगळा ठेवणं हे घनकचरा नियमांनुसार प्रत्येक घराचं कामच आहे. तो गच्चीपर्यंत पोचवला तर त्याचं खत होतं. कुणी बी द्यावं, कुणी गावी गेलेल्यांच्या वाट्याचं पाणी घालावं.

खाला अजून गच्चीवर येत नाहीत. पण रोज सकाळी त्यांच्या दाराशी देठ-सालींचा डबा ठेवलेला असतो. तो परत करताना आम्ही त्यात पुदिन्याची जुडी ठेवतो.