पाण्यावरचं आसन आणि पाण्याचा हिशोब



21 जूनचा योगदिन जवळ आला की पेपरात एक फोटो हमखास दिसतो. पोहण्याच्या तलावात कुणीतरी आजोबा पद्मासन घालून पाठीवर तरंगताहेत, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर अगदी निवांतपणा. विहिरीत पोहायला शिकलेल्या माझ्या वडिलांच्या पिढीला यात काही नवल नव्हतं. आपल्या बायकांना मात्र विहिरीत उतरायला कुणी सांगितलंच नाही, दोरी आणि घागर तेवढी हातात दिली. मी दोन वर्षांपासून नांदेडच्या एका तलावावर लेडीज बॅचला जाते. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार ते पाच.

कारण गुडघे. जमिनीवर मांडी घालून सामायिकाला बसणं बंद झालं होतं, मंदिरात खुर्ची मागावी लागे. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर आपल्या वजनाचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच येतो. माझं वजन 68 किलो. म्हणजे पाण्यात मी वीस-बावीस किलोची पोर होते!

आधी नुसतं चालणं, मग कठड्याला धरून पाय हलवणं, मग तरंगणं. तरंगायला ताकद लागत नाही, सोडून देणं लागतं. मान वर उचलली की कंबर खाली जाते. कान पाण्यात बुडू द्यायचे, हनुवटी आभाळाकडे, आणि छातीत भरपूर श्वास. सरळ झोपलं की पाय आधी बुडतात, कारण हवा छातीत आणि वजन पायात. हात डोक्यामागे लांब केले की पाय आपोआप वर येतात. पाय दुमडले तर आणखी सोपं, कारण त्यांचं वजन छातीजवळ येतं. तराजूच्या पारड्यासारखं आहे हे. म्हणून पाण्यावरचं पद्मासन दिसायला अवघड, पण पाय सरळ ठेवून तरंगण्यापेक्षा ते सोपं. दुखऱ्या गुडघ्यांनी मात्र पूर्ण पद्मासनाच्या वाटेला जाऊ नये. मी तळवे एकमेकांना लावून बद्धकोनासन करते, तेवढ्याने काम होतं. हठप्रदीपिकेत प्लाविनी नावाचा एक कुंभक सांगितला आहे, हवा भरून घेऊन माणूस कमळाच्या पानासारखा पाण्यावर राहतो म्हणे. ते आपलं काम नाही. पाण्यात श्वास कोंडून धरायचा नाही आणि जीवरक्षक काठावर नसेल तर उतरायचंच नाही.

इथपर्यंत सगळं छान. पण माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, लातूरला असतात. त्यांना कळलं तेव्हा फोनवर बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, ज्या पाण्यासाठी आम्ही घागरी घेऊन रात्र काढली, त्यात तू लोळायला जातेस?"

2016 चं लातूर ज्यांनी पाहिलं त्यांना हे वाक्य समजेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर. अशा शंभरावर फेऱ्या झाल्या. अक्का तेव्हा भांडी राखेने घासून पुसून घेत आणि भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालत.

मी बी.कॉम. आहे, सवय जात नाही. आमचा तलाव 25 मीटर लांब, 12 मीटर रुंद, सरासरी खोली दीड मीटर. गुणाकार केला तर साडेचार लाख लिटर. म्हणजे लातूरला आलेली ती पहिली गाडी जवळजवळ सगळीच्या सगळी इथे ओतल्यासारखी. तलावाचं पाणी रोज बदलत नाहीत, गाळून पुन्हा वापरतात, हे खरं. पण उन्हाने उडतं, गाळणयंत्र धुताना जातं, आणि ते पुन्हा भरावं लागतंच.

अक्कांचा दुसरा मुद्दा याहून जड होता. आपण पाणी गाळून घेतो, जिवाणी परत विहिरीत सोडणाऱ्या सासूबाईंच्या हाताखाली आम्ही दोघी वाढलो. पाण्याचा थेंब म्हणजेच जलकायिक जीव. आणि तिथे तर औषध टाकून बाकीचे जीवही मारतात. मी गेले नाही तरी औषध पडणारच, असं मला सुचलं होतं, पण ते मी अक्कांना म्हटलं नाही. महिन्याची फी भरून पावती घेतली की कारित आणि अनुमोदना दोन्ही आपल्या खात्यावर. ते दुसऱ्याच्या नावे टाकता येत नाही.

गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण सुटत नाही, हे आपण सगळ्या जाणतो. स्वयंपाक कोण सोडणार? पण रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे, म्हणजे काही कारण नसताना माती उकरणं, पाणी ढवळणं, आग पेटवणं, वारा घालणं. तेव्हा प्रश्न असा की माझं जाणं सकारण की निष्कारण? गुडघ्यासाठी अर्धा तास हे कारण. पण उरलेला अर्धा तास मी मैत्रिणींशी गप्पा मारत तरंगत असे, ते काय?

लातूरला माताजींचा चातुर्मास होता तेव्हा अक्कांनाच बरोबर घेऊन गेले आणि विचारलं. माताजींनी जा किंवा जाऊ नको असं काहीच सांगितलं नाही. किती वेळ, कशासाठी, त्याशिवाय गुडघ्याला दुसरा उपाय आहे का, एवढं विचारलं आणि म्हणाल्या, मर्यादा घे.

म्हणून आता नियम असा आहे. पाण्यात अर्धाच तास. अष्टमी-चतुर्दशीला नाही. चातुर्मासात चारही महिने बंद, तेव्हा पलंगावर पाय उचलण्याचे व्यायाम. आणि गावात टँकर फिरू लागले की ते थांबेपर्यंत तलावाकडे फिरकायचं नाही, मग तलाव चालू असो की बंद. घरी येऊन अंघोळ एकाच बादलीत. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत बुडतो, त्यामुळे कणीक दुपारीच मळून ठेवावी लागते, नाहीतर जेवणाची धावपळ होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. काही जणी म्हणतात, पाण्यातलं शवासन म्हणजे कायोत्सर्गच की. नाही. कायोत्सर्गात देहाचं ममत्व सोडायचं असतं. पाण्यावर पडल्यावर मला देह फार आवडू लागतो, हलका, न दुखणारा, पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्या सुखाला सुखच म्हणावं. धर्माचं नाव देऊन ते मोठं होत नाही. सामायिकाला पुन्हा खाली बसता येतं, एवढा फायदा मी मानते. आता सलग 48 मिनिटं बसते, फक्त उठताना भिंत लागते.

अक्कांना हे पटलं आहे असं नाही. त्यांचं म्हणणं, मर्यादा घेतलीस ते चांगलं केलंस, पण मी असते तर गेले नसते. त्यांचा डावा गुडघा माझ्यापेक्षा जास्त सुजतो आणि जिना त्या बसत बसत उतरतात. मी दिवाळीनंतर त्यांना नांदेडला बोलावलं आहे. येणार की नाही ते सांगितलं नाही. परवा फोनवर सुनेच्या डोहाळजेवणाचं बोलता बोलता मध्येच विचारलं, "कार्तिकात पाणी फार गार असतं का गं तिथलं?"